लडलोच्या उड्या, लँबर्नचे घोडे आणि मावशीचा पेशंट

फेब्रुवारीतल्या एका रविवारी कुसुममावशीचा फोन आला. हॅलोबिलो काही नाही, थेट प्रश्न. "वैशू, तू मला लडलोला नेशील का? पुढच्या महिन्यात, बुधवारी. लीव्ह मिळते का बघ न."

मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. सत्तरच्या दशकात नागपूरहून नर्स म्हणून इथे आली, स्विंडनच्या बाजूला एका हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डात लागली आणि तिथूनच सिस्टर म्हणून रिटायर झाली. आता मेडनहेडमध्ये माझ्या घरापासून दहा मिनिटांवर राहते. एप्रिलमध्ये जयंतीला विहारातल्या मंडळींबरोबर कॅमडेनला जाते, ते सोडलं तर कुणाकडे 'मला ने' म्हणून कधी मागत नाही. मला वाटलं, किल्ला बघायचा असेल. लडलोचा किल्ला छानच आहे.

"किल्ला नाही गं," मावशी म्हणाली. "रेसकोर्सवर जायचंय. माझा एक पेशंट आहे तिथे."

मावशीचं घोड्यांचं वेड आम्हा सगळ्यांना माहीत आहे. शनिवारी दुपारी तिला फोन करायचा नाही, टीव्हीवर जंप रेसिंग असतं. म्हणजे स्टीपलचेस. सपाट मैदानावरची धाव नव्हे, तर दोन-तीन मैल धावताना फांद्या घट्ट बांधून केलेल्या छातीइतक्या उंच कुंपणांवरून उड्या मारायच्या. हे वेड कुठून आलं, ते मात्र मला या प्रवासापर्यंत कळलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी निघालो. ज्यांना हा मार्ग करायचाय त्यांच्यासाठी: M4 ने स्विंडन, तिथून ग्लॉस्टर, मग A417 ने लेडबरी आणि लेम्स्टर. पाटीवर लिओमिन्स्टर लिहिलेलं असतं, पण तसा उच्चार केलात तर पेट्रोल पंपावरची बाई गोड हसून दुरुस्त करते. साडेतीन तास धरा, ट्रॅक्टरमागे अडकलात तर चार. सर्व्हिस स्टेशनवर पैसे घालवू नका. आमच्याकडे मेथीचे पराठे, जवसाची चटणी आणि थर्मासमध्ये चहा होता. लेडबरीच्या पुढे एका फाटकाशी गाडी लावून जेवलो. रस्त्याच्या कडेला डॅफोडिल्स होती आणि बोचरा वारा होता.

तिथे मावशीने सांगायला सुरुवात केली.

"आमचा वॉर्ड म्हणजे अर्धा जॉकींचाच. लँबर्न जवळ, तिथे सगळे तबेले. आज हासळी मोडली, उद्या मनगट. वजन नऊ-दहा स्टोन, म्हणजे जेमतेम साठ किलो, पोटात अन्न नाही, आणि हसायला सदा तयार. शनिवारी दुपारी सगळे पलंग टीव्हीकडे फिरवायचो. मोठे डॉक्टर राउंडला यायचे आणि शेवटची शर्यत संपेपर्यंत दारातच उभे राहायचे. मला इंग्लिश धड कळायचं नाही, पण घोड्यांची नावं तोंडपाठ. काय घोडे होते, वैशू! वर्षानुवर्षं तेच घोडे दर हिवाळ्यात परत यायचे. घरातली माणसं यावीत तसे."

त्यातला तिचा लाडका म्हणजे पेडलर्स मून. मोठा तांबूस घोडा, एका पायाला मोजा घातल्यासारखा पांढरा रंग. त्याच्यावर बसायचा लेन प्रॉसर. लँबर्नच्या एका ट्रेनरचा हा पहिल्या नंबरचा जॉकी, आणि त्या ट्रेनरला तो 'गव्हनर', म्हणजे साहेब, म्हणायचा.

"एका शनिवारी लेन पडला. बरगड्या दुखावल्या आणि डोक्याला मार. गुरुवारी सीझनमधली सगळ्यांत मोठी शर्यत. पेडलरच जिंकणार, असं सगळे म्हणत होते. लेन डॉक्टरांना सांगायचा, मी फर्स्ट क्लास आहे. सोमवारी सकाळी मी चहा घेऊन गेले. त्याने मला तीनदा विचारलं की आज वार कोणता. मी सहज म्हटलं, गुरुवारी तुझ्या घोड्यावर मी पैसे लावू का? तर त्याला नावच आठवेना. 'तो मोठा लाल' म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं की माझ्या लक्षात आलंय. माझा हात धरून रडला. म्हणाला, नर्स, प्लीज, कुणाला सांगू नका."

"मग?"

"मी सांगितलं." मावशीने थर्मासचं झाकण घट्ट लावलं. "डॉक्टरांनी बंदी घातली. गुरुवारी पेडलर दुसऱ्याच जॉकीला घेऊन जिंकला. पुढच्या सीझनला घोड्याचा पाय गेला आणि तो रिटायर झाला. लेनला ती शर्यत पुन्हा कधी मिळालीच नाही. डिस्चार्ज घेऊन गेला तेव्हा माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

जानेवारीत लोकल रेडिओवर कुणी जुन्या जॉकींच्या आठवणी सांगत होतं. त्यात लेन प्रॉसर लडलोजवळ मुलीकडे राहतो, असं मावशीला कळलं. तिने रेडिओच्या पत्त्यावर पत्र टाकलं. मुलीचा, जेनचा, फोन आला: बाबा म्हणतात, नक्की या, बुधवारी रेस आहे.

"पण तुला काय सांगायचंय त्याला?" मी विचारलं.

"ते अजून ठरलं नाही," मावशी म्हणाली. पुढचा तासभर ती खिडकीबाहेर बघत होती.

लडलोला आम्ही किल्ल्याच्या खालच्या बाजूला एका बी अँड बीमध्ये उतरलो. दोघींना एका रात्रीचे साधारण नव्वद पाऊंड, ब्रेकफास्टसकट. मालकीणबाई मशरूम अप्रतिम करतात. गाव चढ-उताराचं आहे, गुडघे दुखत असतील तर काठी ठेवा. बाजाराच्या चौकात चीज आणि कांद्याची पेस्ट्री खाल्ली. गरम होती, तेवढं पुरलं.

बुधवारी रेसकोर्सवर गेलो. गावापासून दोन-तीन मैलांवर आहे. तिकीट वीस-पंचवीस पाऊंडांच्या घरात, पार्किंग गवतावर. तेव्हा चांगले बूट विसरा, वेली म्हणजे गमबूट घाला. इथली सगळ्यांत मजेची गोष्ट म्हणजे रेसट्रॅकमधून चक्क गाड्यांचा रस्ता जातो. शर्यतीआधी गाड्या थांबवतात, डांबरावर जाड मॅट टाकतात, घोडे धडधडत निघून जातात आणि मग पोस्टमनची व्हॅन पुढे सरकते. स्टँडमध्ये बसू नका, एखाद्या कुंपणाशी जाऊन उभे राहा. टीव्हीवर उडी दिसते, इथे ती ऐकू येते. आधी जमीन हादरते, मग फांद्यांचा खर्रकन आवाज, घोड्याचा मोठा श्वास, आणि जॉकींचं एकमेकांवर चक्क ओरडणं.

शेवटच्या कुंपणापाशी फोल्डिंगच्या खुर्चीवर सपाट टोपी घातलेला एक बारीकसा म्हातारा बसला होता. शेजारी जेन. मावशीला बघून तो दोन्ही हातांनी काठीवर जोर देऊन उभा राहिला.

"नर्स के!" तो म्हणाला. वॉर्डात कुसुमचं 'के' झालं होतं. "तुम्ही मला पोरीज भरवायचात. भयंकर होती."

"पोरीज चांगली होती, मिस्टर प्रॉसर," मावशी म्हणाली. "तुम्ही पेशंट भयंकर होता."

झालं. पहिल्या दोन शर्यती दोघं मागच्या जमान्यातच होती. कोणता घोडा पाण्याला घाबरायचा, कोणता जॉकी प्लास्टरमध्ये चॉकलेट लपवायचा, धुक्यात घोडे एका बाजूला गेले आणि दुसऱ्या बाजूने एक कमीच कसा आला. "आम्ही सगळे एकाच गाडीतून जायचो," लेन म्हणाला. "पाच जण, एक हीटर, तोही बिघडलेला. दिवसभर एकमेकांना हरवायला बघायचं आणि येताना एकच फिश अँड चिप्स वाटून खायचं. तसं आता होत नाही." आमच्यासमोर एक घोडा अडखळून पडला. मावशीने डोळे गच्च मिटले. लेन शांतपणे म्हणाला, "उघडा. उठला." घोडा खरंच उठून एकटाच इतरांमागे पळत सुटला होता.

तिसऱ्या शर्यतीनंतर लेन आपणहून त्या गुरुवारकडे आला.

"मला काय सलतं सांगू? गव्हनरने मला फसवलं. त्याला मोठ्या नावाचा जॉकी हवा होता, म्हणून कुठल्या तरी डॉक्टरकडून लिहून घेतलं. मी ठणठणीत होतो. वर आठवड्याने पेडलरला हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये घेऊन आला, सगळ्यांना दाखवायला. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. पुन्हा त्याच्यासाठी एकदाही घोड्यावर बसलो नाही. त्याच्या फ्युनरललासुद्धा गेलो नाही."

मावशीचा चेहरा उतरला. मला तेव्हा समजलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की हा आपल्यावर रागावलाय. त्याला ती सोमवारची सकाळ आठवतच नव्हती. तो तिच्यावर कधी रागावलाच नव्हता. आता गप्प राहिली असती तर चहा पिऊन, हसून, आम्ही घरी गेलो असतो. मला मनातून वाटत होतं की तिने गप्प राहावं.

"मिस्टर प्रॉसर," ती म्हणाली, "ते मी केलं."

तिने सगळं सांगितलं. वार, चहा, 'तो मोठा लाल'. लेन ऐकत राहिला. चौथ्या शर्यतीचे घोडे समोरून उडून गेले, पण त्याने मान वळवली नाही.

"मी पेडलरचं नाव विसरलो होतो?"

"हो."

"आणि रडलो?"

"हो."

"गव्हनरला हे ठाऊक होतं?"

"डॉक्टरांनी त्यांना फोन केला तेव्हा मी तिथेच होते. फोनमधून गव्हनरचा आवाज मलाही ऐकू आला. म्हणाले, तो मला कधी माफ करणार नाही, पण त्याला त्या घोड्यावर बसवू नका. आणि कार पार्कमध्ये घोडा सगळ्यांसाठी नाही आणला त्यांनी. वॉर्डात येऊन मला विचारलं होतं, लेनची खिडकी कोणती?"

लेन उठला आणि काठी टेकत रेलिंगच्या कडेने लांब चालत गेला. जेन मागे जायला निघाली, तर मावशीने तिचा हात धरला. "जाऊ दे त्यांना." मी चिप्स आणि चहा आणला, कुणी खाल्लं नाही. अर्ध्या तासाने तो परत आला तेव्हा नाक लाल झालं होतं.

"तुम्ही तेव्हाच मला सांगायला हवं होतं," तो रागाने म्हणाला.

"हो," मावशी म्हणाली. "सांगायला हवं होतं. मी घाबरले."

तो खुर्चीवर बसला. मग विचारलं, "उद्या तुम्ही M4 नेच जाणार ना? पेगी अजून लँबर्नमध्येच राहते." पेगी म्हणजे गव्हनरची बायको. वय नव्वदीपार.

गुरुवारी सकाळी आमच्या गाडीत पुढच्या सीटवर लेन, मागे मावशी, आणि आमच्यामागे जेनची गाडी, त्याला संध्याकाळी परत न्यायला. ग्लॉस्टरच्या पुढे मावशीने पराठा पुढे केला, त्याने तो निमूटपणे खाल्ला आणि म्हणाला, "पोरीजपेक्षा बरा आहे."

लँबर्नला जरूर जा. M4 च्या जंक्शन चौदापासून पंधरा मिनिटं. गावात शिरताच 'घोडे, सावकाश' अशा पाट्या दिसतात आणि खरोखरच सकाळी घोड्यांच्या रांगा रस्ता ओलांडतात. त्यांच्यामागे इंजिन बंद करून थांबायचं, हॉर्न बिलकुल नाही. गावावरच्या टेकड्यांवर सरावाच्या हिरव्या पट्ट्या आहेत. पायवाटेने फिरता येतं, फुकट.

पेगीबाईंनी दार स्वतः उघडलं. लेनने टोपी काढली. तो काय म्हणाला, ते मला माहीत नाही. मावशीने मला कोपराने ढोसलं आणि म्हणाली, "चल, आपण टेकडी बघू." आम्ही दोघी आणि जेन दोन तास वाऱ्यात फिरलो. खालून घोडे वर येत होते, नाकातून वाफा सोडत. मावशी प्रत्येकाला नीट बघून घेत होती, जणू राउंडवर होती.

परत आलो तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज येत होते. दोघं भांडत होती. पेडलरचा पांढरा मोजा डाव्या मागच्या पायाला होता की उजव्या, यावरून. पेगीबाईंनी फोटोंचे तीन अल्बम टेबलावर काढले होते आणि एकाही फोटोत तो पाय दिसत नव्हता. मावशीला विचारलं. "उजव्या," ती ठामपणे म्हणाली. पेगीबाई लेनला म्हणाल्या, "बघ!" लेनने मावशीकडे असं बघितलं, जणू काल जेवढा रागावला होता त्याहून आज जास्त रागावलाय. मग तिघंही हसायला लागली.

निघताना लेनने मावशीचा हात हातात घेतला.

घरी पोचेपर्यंत अंधार पडायला आला होता. मावशीला सोडताना मी विचारलं, "गप्प राहिली असतीस तर तो तुझ्यावर खूशच राहिला असता. सांगितल्याचं वाईट वाटतं का गं?"

"खूश तो दुसऱ्याच कुणावर तरी राहिला असता, वैशू. माझ्यावर नाही," ती म्हणाली. "आता रागावलाय, तो माझ्यावर रागावलाय. ते बरं वाटतं."

या प्रवासाचा सगळा खर्च दोघींचा मिळून साडेतीनशे पाऊंडांच्या आत झाला. परत आल्यावर मी चार दिवस शिंकत होते, तेव्हा गरम टोपी न्याच.

आता शनिवारी मावशीला फोन केला तर तो पहिल्या शर्यतीआधीही एंगेज लागतो. लेनचा असतो. त्याच्या डोक्यातून पुसून गेलेले ते पाच दिवस फक्त मावशीकडे आहेत, आणि ते त्याला परत हवेत. कोण भेटायला आलं, त्याने काय खाल्लं, झोपेत काय बडबडला, खिडकीबाहेर पाऊस होता की ऊन. मावशी दर शनिवारी थोडं थोडं सांगते. त्याला घाई नाही.

काल विचारलं तिला, कुठवर आलात? म्हणाली, "मंगळवारचा दुपारचा चहा."