ब्रेनाचा सातवा तास

ब्रेना स्टोल्ट्झ वर्गात कधी पहिली आली नाही आणि कधी शेवटचीही नाही. एकशेबारा मुलांत नववी. अशा मुलांची नावं मास्तरांच्या डोक्यातून उन्हाळ्याच्या सुट्टीतच पुसली जातात. हिचं पुसलं गेलं नाही, कारण मी तिच्याशी वाईट वागलो.

तिची आई रोंडा आमच्या शाळेची चौदा नंबरची बस चालवायची. ब्रेना बँडमध्ये युफोनियम वाजवायची. युफोनियम म्हणजे तान्ह्या पोरासारखं मांडीवर घेऊन बसायचं जाडजूड पितळी वाद्य. बसमधली पहिली सीट त्या वाद्याची, आणि दुसरी ब्रेनाची. "मला दोन पोरं," रोंडा म्हणायची. "एक जेवतं, दुसरं नुसतं हंबरतं." ब्रेना फार बोलायची नाही. कुणी चूक केली तर आधी आपलंच काही चुकलं का ते बघायची. बारावीत ती बँडच्या खालच्या सुरांच्या सगळ्या रांगेची म्होरकी होणार, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तिला त्याचा किती आनंद झालाय हेही.

बँडचा तास सातवा. माझ्या ॲडव्हान्स्ड केमिस्ट्रीचा तासही सातवा.

फेब्रुवारीत पुढच्या वर्षीचे विषय निवडायचे हिरवे कागद वाटले जातात आणि पेन्सिल्व्हेनियातल्या आमच्या त्या छोट्या गावात महिनाभर घराघरांत दुसरा विषय नसतो. कॉलेजच्या तोडीचे हे ॲडव्हान्स्ड विषय कुणी किती घेतले, दोन की चार की सहा, यावर आया दुकानात भाज्या निवडता निवडता एकमेकींना जोखतात. कागदावर सही करण्याआधी मुलांना विषय निवडायचा सल्ला देणाऱ्या आयलीन कोवॅलिकबाईंच्या खोलीत जावं लागे. बाईंचा नियम एकच होता: "जेवढे घेऊनही रात्री घरच्यांबरोबर टेबलाशी बसून जेवता येईल, तेवढेच घ्यायचे." ब्रेनासाठी त्यांनी तीन ठरवले होते. पोरगी सावकाश वाचते, पण मन लावून वाचते, तीन पुष्कळ झाले, असं त्यांचं म्हणणं.

माझ्या केमिस्ट्रीला चौदा नावं आली होती. मुख्याध्यापकांनी स्पष्ट सांगितलं होतं, पंधरा झाली तर वर्ग, नाहीतर मी, वेंडेल थार्प, पुन्हा नववीला सामान्य विज्ञान शिकवणार. नववीची पोरं मला आवडत नाहीत. त्यांनाही मी आवडत नसे, त्यामुळे तेवढ्यापुरता आमचा समेट होता. पण तो वर्ग मी सहा वर्षं मांडामांड करून उभा केला होता. मी पंधरावं डोकं शोधायला निघालो.

"ब्रेना, बस जरा. बँडमध्ये काय मिळतं तुला?"

"ए श्रेणी, सर. नेहमीच."

"म्हणजे चार गुण. आणि ॲडव्हान्स्ड विषयातल्या ए चे पाच. तुझी सरासरी चारच्या वर आहे. मग तो बँडचा ए तुला वर नेतो की खाली ओढतो?"

तिनं पेन्सिल घेऊन हिशेब केला. मग हसली. "म्हणजे मी चांगलं वाजवते म्हणून मागे पडते?"

"मी नाही म्हणत, गणित म्हणतंय. बँडच्या जागी केमिस्ट्री घे, नवव्या नंबरची पाचवी होशील. कॉलेजवाले काय बघतात? नंबर."

गणितात कुठेही चूक नव्हती. एखाद्या पोरीला बँडमध्ये पहिला दर्जा मिळाला म्हणून शिक्षा व्हावी, हे गणित आम्हीच मोठ्या माणसांनी मांडलेलं होतं. आणि ते मांडताना आम्हाला कुणाला हसू आलं नव्हतं.

दोन दिवसांनी तिचा हिरवा कागद आला. बँडची ओळ खोडरबरानं घासून घासून पातळ झाली होती. खाली रोंडाची सही. संध्याकाळी बसच्या खिडकीतून ती मला म्हणाली, "सर, मला त्यातलं ओ का ठो कळत नाही हो. तुम्ही म्हणालात म्हणून केली सही."

कोवॅलिकबाईंनी मला दारातच गाठलं. "काय वेंडेलराव, मिळालं का पंधरावं डोकं?"

"तिच्याच भल्यासाठी आहे, बाई."

"हो का? मग चौदा नसून वीस नावं असती, तरी गेला असतात का तिच्याकडे?"

मला प्रयोगशाळेत काम आहे असं सांगून मी सटकलो. काम काहीही नव्हतं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी मी आज कदाचित स्वतःला माफ केलं असतं. कोण मास्तर आपल्या विषयाची भलावण करत नाही? पण सप्टेंबर आला. आमच्याकडे सप्टेंबरच्या तिसऱ्या शुक्रवारपर्यंत विषय सोडता येतो, त्यासाठी पिवळ्या चिठ्ठीवर त्या विषयाच्या मास्तरांची सही लागते. शुक्रवार उलटला की वर्षभर सुटका नाही. वर्गाची डोकीही त्याच दिवशी मोजतात.

त्या शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत ब्रेना पिवळी चिठ्ठी घेऊन आली. डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"सर, मला नाही जमत. रात्री जेवणाचं ताट घेऊन खोलीत जाते, तरी धडे उरतातच. बँडचे मास्तर म्हणाले, माझी जागा अजून रिकामी आहे. सही कराल?"

तारीख मला माहीत होती. माझ्याच हातानं लाल शाईत गोल केलेली, माझ्याच भिंतीवरच्या कॅलेंडरात. पेन खिशात होतं. मी म्हणालो, "घाई करू नकोस, बाळ. शनिवार-रविवार विचार कर. सोमवारी बघू."

"बरं, सर," ती म्हणाली आणि चिठ्ठीची घडी घालून गेली.

सोमवारी ती आली तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, मुदत शुक्रवारीच संपली की! माझ्या साफ लक्षातून गेलं बघ." नाटक चांगलं वठलं. ती उलट मलाच म्हणाली, "असू दे, सर. मीच बघायला हवं होतं."

ऑक्टोबरात गावातून शाळेची मिरवणूक निघाली. बँड मुख्य रस्त्यानं वाजवत चालला होता, आणि ब्रेना औषधाच्या दुकानापाशी आईशेजारी उभी होती. तिच्या उजव्या हाताची तीन बोटं दप्तराच्या पट्ट्यावर, वाद्याच्या कळा दाबाव्यात तशी खाली-वर होत होती, बँडच्या तालावर, एकही सूर न चुकवता. रोंडानं मला बघून हात केला. मी पॉपकॉर्न घ्यायचं निमित्त करून दुसऱ्या रस्त्यानं गेलो.

वर्षाअखेर माझ्या विषयात तिला सी मिळाला. म्हणजे तीन गुण, बँडच्या ए पेक्षा एक कमी. नवव्या नंबरची ती तेरावी झाली. पाचवी कुठली? या ॲडव्हान्स्ड विषयांची देशभर एकच मोठी परीक्षा असते, तीत पाचपैकी दोन. वर्ग मात्र चालू राहिला. मी निवृत्त होईपर्यंत चालला, आणि निरोपसमारंभात त्याचं फार कौतुक झालं.

वाद्य शाळेचं होतं, ते शाळेत परत गेलं. ब्रेनानं जवळच्या कॉलेजात दोन वर्षं दात साफ करण्याचं शिक्षण घेतलं, छपरं घालणाऱ्या एका भल्या माणसाशी लग्न केलं, आईचे गुडघे गेले तेव्हा तिला आपल्या घरी आणलं. हे सगळं मला इकडून तिकडून कळत होतं. मी स्वतः कधी विचारलं नाही.

गेल्या वसंतात आमचे जुने दंतवैद्य वारले आणि नव्या दवाखान्यात जावं लागलं. खुर्चीत आडवा झालो, दिवा लागला, आणि वरून मास्कआडचे ओळखीचे डोळे म्हणाले, "सर! ओळखलंत? केमिस्ट्री, सातवा तास."

तोंडात तिची हत्यारं असल्यामुळे मला उत्तर देता येईना. ती मात्र बोलत होती. पूर्वी इतकं कधी बोलली नव्हती.

"तुम्हाला आठवत नसेल, सर. मी विषय सोडायला आले होते, तुम्ही सही केली नाहीत. तेव्हा वाईट वाटलं. मग वाटलं, सर उगाच कशाला थांबवतील? त्यांना वाटत असेल, हिला जमेल. तोवर माझ्याबद्दल असं कुणाला वाटलं नव्हतं हो. कोवॅलिकबाईसुद्धा तीनच पुरे म्हणाल्या होत्या. सी मिळाला, पण वर्षभर मी तेवढ्यावर तग धरला. या कोर्सला नाव घालतानाही तेच आठवलं. भाचीला सांगते, मास्तर थांब म्हणाले तर थांबावं."

मला ते सहन होईना. मी तिचा हात बाजूला केला, उठून बसलो आणि सगळं सांगून टाकलं. पंधरा डोकी, लाल शाईचा गोल, खिशातलं पेन. घाईघाईनं, पोट रिकामं करावं तसं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. रागावली नाही.

"म्हणजे तेव्हा तुम्हाला वाटलं नव्हतं?" तिनं विचारलं.

"काय?"

"मला जमेल असं."

खोटं बोलायची हीच जागा होती. एवढी वर्षं ज्या तोंडानं सराईतपणे खोटं बोललो, त्याला या एका जागी ते सुचलं नाही.

"मी त्याचा विचारच केला नव्हता," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. हातमोजे काढून टाकले, नवे घातले.

"वरची बाजू राहिलीये," ती म्हणाली. "उघडा."

तिनं वरचे सगळे दात साफ केले, एकेक करून, कुठेही जोर न लावता.