बाळ नसलेल्या घरची मालिश

रुख्मिणीचे दोन्ही अंगठे मुळापाशी सुजलेले असतात. सकाळी उठल्यावर ती ते आधी कोमट पाण्याच्या गंजात बुडवून बसते, मग चहाची कपबशी धरते. दवनीवाड्यात आणि आसपासच्या गावांत तिने कितीतरी पोरांना पायांवर आडवं घेऊन न्हाऊ घातलं आहे आणि त्यांच्या आयांची अंगं चोळली आहेत. त्यातली काही पोरं आता ट्रॅक्टर चालवतात. तिला रस्त्यात पाहिलं की हॉर्न देतात. ती नुसतीच हात वर करते, कारण तिला कोणीच ओळखू येत नाही.

"कपडे घातले का कोन कोनाचा ते समजत नाही मले," असं ती म्हणते.

हे काम तिला सासूने शिकवलं. तेव्हा तिला वाटायचं, तेल गरम करायचं, अंगाला लावायचं, शेगडीचा शेक द्यायचा, झालं. पण एक गोष्ट तिच्या हळूहळू लक्षात आली. मालिश करताना बाळंतिणीला गारवा लागू नये म्हणून खोलीचं दार लावून घ्यावं लागतं. नव्या आईला दिवसभरात तेवढाच वेळ असा मिळतो की कोणी तिला काही विचारत नाही आणि कोणी काही सांगत नाही. पालथी निजली की तिला कोणाचं तोंड दिसत नाही. मग ती बोलते. दूध पुरत नाही म्हणून बोलते, नवऱ्याबद्दल बोलते. एखादी तर हळूच म्हणते की काकू, पोराला पाहून मला माया येत नाही, भीतीच वाटते. रुख्मिणी यावर काही सल्ला देत नाही. तिला सल्ला सुचतच नाही. ती "हं" म्हणते आणि पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठे खाली आणते. खांदे कानांपासून उतरतात, आवळलेला जबडा सुटतो, श्वास लांब होतो. बाई उठते तेव्हा हलकी झालेली असते.

रुख्मिणी मात्र घरी येते तेव्हा जड झालेली असते. नवरा ईश्वरदास आठवडी बाजारात भाजी विकतो. तो तिला पाहून रोज म्हणतो, "सोड ना आता हे."

"सोडून का करू? तुमच्या संगं बाजारात वांगे तोलू?"

"तोल. वांगे रडत तं नाहीत."

मागच्या थंडीत तिच्याकडे दोन घरं ठरलेली होती. एक सावित्रीबाईंचं. त्यांची सून डिंपल हिला मुलगा झाला होता आणि तिथलं काम सुरू होतं. दुसरं बिसनलाल यांचं. जुनं पोवार शेतकरी कुटुंब, धानाची मोठी शेती. त्यांचा मुलगा ओमेश्वर याची बायको रुचि हिचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण रुचिची आई नाही, म्हणून ते सासरीच करायचं ठरलं. सासू सुखवंताबाईंनी सातव्या महिन्यातच रुख्मिणीला सांगून ठेवलं होतं.

मुलगी झाली. गोंदियाच्या दवाखान्यात, जन्मताच गेली.

रुख्मिणीला हे बाजारात कळलं. तिला वाईट वाटलं. आणि एक घर कमी झालं म्हणून थोडं बरंही वाटलं. बोलावणं येणार नाही हे तिने गृहीत धरलं होतं. बाळ असेल तर बाळंतिणीची मालिश होते. बाळ गेलं की शेगडी पेटवत नाहीत, डिंकाचे लाडू करत नाहीत. बाईला चार दिवस निजू देतात आणि मग ती स्वयंपाकाला लागते. कोणी हे ठरवलेलं नाही, पण सगळीकडे असंच चालतं.

म्हणून एका सकाळी ओमेश्वरची मोटारसायकल अंगणासमोर थांबली तेव्हा तिला आश्चर्य वाटलं. तो गाडीवरून उतरला नाही.

"काकू, घरी येता का?"

"काऊन?"

"मालिशले."

"कोनाच्या?"

"रुचिच्या. आनखी कोनाच्या!"

"पन बापू, तुमच्या इथं बाळ..." तिने जीभ चावली.

"बाळ नाही," ओमेश्वर म्हणाला. "बाळंतीण तं आहे ना काकू."

मग तोच बोलू लागला. रुचि दवाखान्यातून आल्यापासून झोपत नाही. विचारलं तर हो किंवा नाही, त्यापुढे शब्द नाही. समोर ताट ठेवलं तर ताटाकडे पाहत बसते. गावातली आशा सेविका मंजू येऊन गेली, तिने सांगितलं की हे अंगावर काढू नका, मनाच्या डॉक्टरला दाखवा. पुढच्या सोमवारी जायचं ठरलं आहे.

"तिची माय असती तं तिनं चोळली असती," तो म्हणाला.

"तुझी माय का म्हनते?"

"ते म्हनते कायले. मीच आलो."

"मले जमत नाही रे. हे पाह्य माहे हात." तिने अंगठे पुढे केले.

ओमेश्वरने अंगठे पाहिले, मान हलवली, पण गाडी काही सुरू केली नाही. "अर्धाच घंटा," तो म्हणाला.

"मी जादू नाही करत, ओमेश्वर."

"जादू नको. थोडी झोप लागली तं बस."

ती हो म्हणाली, कारण नाही म्हणत उभं राहायचाही तिला कंटाळा आला होता. मनात सावित्रीबाईंची भीती होती. बाळ गेलेल्या घरचे हात दुसऱ्या तान्ह्या बाळाला लावू नयेत असं बायका मानतात. रुख्मिणी स्वतःही ते अर्धंमुर्धं मानते. म्हणून तिने ठरवलं, आधी सावित्रीबाईंकडचं सगळं आटोपायचं, मग रुचिकडे जायचं, मग घरी येऊन डोक्यावरून आंघोळ.

बिसनलालच्या ओसरीवर सुखवंताबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मी नाही बोलावलं बाई तुले."

"मालूम आहे. तुमच्या पोरानं बोलावलं."

"जा मंग. पन गावात बोलू नको."

आत रुचि खाटेवर बसली होती. बावीस-तेवीस वर्षांची पोरगी. ब्लाऊज पुढून भिजलेला होता. तिचं तिकडे लक्ष नव्हतं, किंवा लक्ष होतं आणि ती तशीच बसली होती. बाळ गेलं हे घरातल्या सगळ्यांना कळलं होतं, दुधाला कळलं नव्हतं. रुख्मिणीने कोरड्या फडक्याच्या घड्या करून दिल्या. तिथे चोळायचं नाही, चोळलं की आणखी येतं, आपोआप आटू द्यायचं, एवढं नर्सबाईंचं सांगणं तिला ठाऊक होतं. तिने रुचिला पालथी न निजवता कुशीवर निजवलं आणि मोहाच्या बियांचं तेल कोमट करून पाठीवर घेतलं.

पाठ फळीसारखी होती. खांदे वर ओढलेले, मुठी मिटलेल्या. रुख्मिणीने मानेपासून कमरेपर्यंत हात फिरवला, पुन्हा फिरवला. त्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रुचि बोलली नाही, रडली नाही, झोपली नाही. गप्प बाईचं अंग चोळताना हात दुप्पट दुखतात असं रुख्मिणी म्हणते. बोलणारी बाई स्वतःच थोडी सैल होते, गप्प बाईचं सगळं आपल्यालाच करावं लागतं.

तिसऱ्या दिवशी तेल घ्यायला तिने पाठीवरचा हात उचलला. रुचिचा हात मागे आला, चाचपडत. तिने रुख्मिणीचं मनगट धरलं आणि हात होता तिथेच परत ठेवला. रुख्मिणीने उरलेला सगळा वेळ एक हात तिथेच ठेवला आणि दुसऱ्या एकट्या हाताने काम केलं.

चौथ्या दिवशी सकाळी सावित्रीबाई दारातच उभ्या होत्या.

"बिसनलालच्या घरी जाऊन राहिली म्हनते तू?"

"तुमचं आटपून जातो बाई. नंतर डोक्यावरून पानी घेतो."

"घे ना. पन सकाळी येते तेव्हा हात तेच ना?"

"दुसरे हात कुठून आनू?"

"तोंड नको चालवू. रातभर पोट्टा रडला."

"आई, त्याचं पोट फुगलं होतं," डिंपल आतून म्हणाली. "काकूले काहून बोलता?"

"तू चूप राह्य." सावित्रीबाई रुख्मिणीकडे वळल्या. त्या वाईट बाई नाहीत. त्यांची स्वतःची दोन बाळं गेलेली आहेत, आणि त्या वेळी त्यांच्या अंगाला कोणी तेल लावलं नव्हतं. "आजचं करून जा. उद्या तिकडं जायचं असंल तं इकडं येऊ नको. पाह्य तुले काय परवडते ते."

त्या दिवशी रुख्मिणीने डिंपलच्या बाळाला जरा जास्तच वेळ न्हाऊ घातलं. बाळ गरम पाण्याखाली हातपाय सोडून द्यायचं, तेवढ्यात तिचा सगळा शीण जायचा. सावित्रीबाईंचं घर सुटलं तर त्यांच्या बहिणी, जावा, भाच्या, सगळी घरं सुटणार हे तिला दिसत होतं.

संध्याकाळी तिने ईश्वरदासला सांगितलं. तो उरलेली कोथिंबीर ओल्या फडक्यात बांधत होता.

"मंग रुचिचं सोड. सोमवारी डॉक्टरले दाखवून राहिले ना ते? का तुही भाची लागते ते पोट्टी?"

"नाही लागत."

"बोलते तरी का?"

"एक शब्द नाही."

"मंग झालं. तुह्यानं होऊन नाही राहिलं ते."

"हात उचलला का शोधते हो ते," रुख्मिणी म्हणाली.

"काय शोधते?"

"हात. तेल घ्याले हात उचलला का शोधते, अन् परत ठेवते. तिले का सांगू मी आता? येत नाही म्हनून?"

ईश्वरदासने फडक्याची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "मले कायले विचारते मंग," तो म्हणाला. "तुहं ठरलंच दिसते."

ठरलं असं नव्हतंच. सकाळी ती सवयीने सावित्रीबाईंच्याच वाटेला लागली. दारात पोचल्यावर म्हणाली, "बाई, आजपासून नाही येत. डिंपलच्या कमरेले आनखी थोडे दिवस शेक द्या. अन् न्हाऊ घालताना पोराची मान सांभाळजा."

"तिकडं जास्त भेटते का?" सावित्रीबाईंनी टोमणा मारला.

"नाही हो. दोन घरं होत नाहीत आता. थकली मी."

हे खोटंही नव्हतं. आत बाळ रडायला लागलं. भुकेचं रडणं होतं. ती आत न जाता वळली.

रुचिकडे पोचली तेव्हा ऊन नुकतंच खिडकीतून खाटेवर आलं होतं. एरवी ती यायची तेव्हा ते ऊन भिंतीवर गेलेलं असायचं.

"आज लवकर?" रुचि म्हणाली.

रुख्मिणीने तेलाची वाटी शेगडीवर ठेवता ठेवता मागे पाहिलं. आवाज घोगरा होता, पण रुचिचाच होता.

"हो. दुसरं घर सुटलं."

"काऊन?"

खोटं सांगता आलं असतं. पण त्यासाठीही थोडा जोर लागतो आणि तो तिच्यात नव्हता. "तुह्याकडं येतो म्हनून," ती म्हणाली.

रुचि कुशीवर वळली. रुख्मिणीचा हात पाठीवर फिरत राहिला आणि तिला वाटू लागलं की आपण चुकलो, आधीच खचलेल्या पोरीला आपण सांगितलं की तुझ्यामुळे लोक मला दारात उभं करत नाहीत.

"लई केस होते तिले," रुचि भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

"हं."

"काळेभोर. ओले होते. मले एकच खेप दाखवलं काकू. मंग कपड्यात बांधलं अन् नेलं. मी म्हटलं थांबा, पन माहा आवाजच नाही निघाला."

"हं."

"घरी कोनी तिचं नाव नाही काढत. नाव तं नव्हतंच म्हना. पन 'पोरगी' असंही नाही म्हनत. 'जे झालं ते झालं' म्हनतात. जसं काही मडकं फुटलं."

मग ती रडली. नाकातून पाणी, तोंड उघडं, कुठलाही आडपडदा नसलेलं रडणं. रुख्मिणीने तिला गप्प केलं नाही. देवाची मर्जी, पुन्हा होईल, वय लहान आहे, यातलं ती काही बोलली नाही. एक हात पाठीच्या मध्यावर ठेवून दुसरा तिने हळूहळू, अगदी हळूहळू चालवला. दुसरीकडे कुठे जायचंच नव्हतं. बाहेर सुपाचा आवाज थांबला होता. सुखवंताबाई ऐकत असाव्यात. त्या आत आल्या नाहीत.

रडणं कमी होत गेलं. मग उसासे आले आणि मग श्वास लांब झाला. मूठ उघडली. रुचि झोपली होती, पाठीवर तेल तसंच, तोंड किंचित उघडं.

रुख्मिणीने तिच्यावर गोधडी ओढली. एरवी ती अशा वेळी लगेच उठते, कारण पुढच्या घरी पाणी तापलेलं असतं. आज कुठेच पाणी तापलेलं नव्हतं. ती भिंतीला टेकून बसली. अंगठे ठणकत होते. डिंपलचं बाळ आता कोण न्हाऊ घालत असेल, असं तिच्या मनात आलं. क्षणभर डोळे मिटावेत म्हणून तिने मिटले.

जाग आली तेव्हा खाटेवरून रुचि तिच्याकडे पाहत होती. डोळे सुजलेले, गालावर गोधडीच्या टाक्यांचे वळ.

"काकू, तुमी घोरता."

"घोरली का मी?"

"लई. मी तुमच्या आवाजानंच उठली."

"हत् मेली!" रुख्मिणी खजील होऊन उठायला लागली. गुडघे कटकन वाजले. "तुले झोपवाले आली अन् मीच झोपली."

"बसा थोडं," रुचि म्हणाली. "कोन वाट पाहून राहिलं?"

कोणीच पाहत नव्हतं. रुख्मिणी पुन्हा बसली.

सोमवारी ओमेश्वर रुचिला डॉक्टरकडे घेऊन गेला. गोळ्या सुरू झाल्या, पुढची तारीख मिळाली. ती पुष्कळ दिवस चालणारी गोष्ट आहे. मालिश महिनाभर चालली आणि त्यातले काही दिवस रुचि पुन्हा फळीसारखीच निजून राहिली. सावित्रीबाईंनी रुख्मिणीला परत बोलावलं नाही, त्यांच्या नात्यातल्याही कोणी बोलावलं नाही.

पण रुचि पहिल्यांदा झोपली त्या दिवशी संध्याकाळी ओमेश्वर शेतावरून आला, पाय धूत होता, तेव्हा रुचि दारात येऊन उभी राहिली आणि रुख्मिणीकाकू किती घोरतात ते तिने त्याला सांगितलं. दवाखान्यातून आल्यापासून ती त्याच्याशी आपणहून पहिल्यांदाच बोलत होती. हसावं की नाही ते ओमेश्वरला कळेना. तो हातात तांब्या धरून तसाच उभा राहिला.