रायरांची पंगत

विड्याचं पान हातात घेतलं की रायर आधी नखानं देठ खुडायचे, मग शेंडा, आणि दोन्ही तुकडे न पाहता मागे टाकायचे. "गेलें तें गेलें," म्हणायचे. पानाबद्दलही म्हणायचे आणि माणसांबद्दलही. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. तो चुकतो तेव्हा त्याची भीती वाटत नाही, त्याचं बरोबर निघतं तेव्हा वाटते.

कुंभकोणमला तमिळ शेजारी पिढ्यान्पिढ्या इथे राहिलेल्या आम्हा मराठी लोकांना सरसकट रायर म्हणतात. आमच्या गल्लीत रायर पुष्कळ होते, पण नुसतं रायर म्हटलं की हेच. विड्याच्या पानांचा घाऊक धंदा आणि विठ्ठलाच्या भजनमठाची देखरेख, एवढाच त्यांचा संसार. श्रीलंकेत लढाई पेटली आणि होड्यांतून एकटीदुकटी पोरं येऊ लागली, तेव्हा त्यांतली काही रायरांनी खटपट करून मठात आणली. विठ्ठलाच्या नैवेद्यात त्यांचा वाटा आहे, एवढंच कारण त्यांनी सगळ्यांना सांगितलं. मी शाळेत गणित शिकवायची, संध्याकाळी मठात येऊन या पोरांना शिकवायची. मोबदला म्हणजे इथली निरशा दुधाची डिग्री कॉफी, तीही रायर समोर बसून संपवायला लावायचे.

पोरं त्यांना तात्ता म्हणायची, म्हणजे आजोबा. आजोबांसारखं त्यांच्यात काही नव्हतं. कडेवर घेणं नाही, गोष्ट सांगणं नाही. पण पहिल्या दिवाळीला फटाक्यांच्या आवाजानं पोरं भांडारघरात तांदळाच्या पोत्यांमागे जाऊन बसली, तर दुसऱ्या दिवाळीला रायर काठी घेऊन गल्लीच्या तोंडाशी बसले. कुणाची टिकली फोडायची हिंमत झाली नाही. लोकांनी त्यांना मनापासून शिव्या दिल्या.

एकदा एक सधन गृहस्थ मुलाच्या वाढदिवसाचं अन्नदान करायला आले. जेवणाआधी पोरांनी बॉम्ब कसा पडला ते थोडं सांगावं, अशी त्यांची इच्छा. रायरांनी त्यांच्या हातातला डाव काढून घेतला. "भात वाढायला आलांत, कीं भोग बघायला?" ते गृहस्थ न जेवता गेले. मला त्या दिवशी रायर फार आवडले होते, हे सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला ते आवडणार नाहीत.

यालिनी नऊएक वर्षांची होती. होडीत जागा एकच होती म्हणून आईनं तिला पुढे पाठवलं होतं आणि मागून येते म्हणाली होती. त्यामुळे पोरगी पंगतीला बसायचीच नाही. सगळे जेवायला बसले की ती मठाच्या पायरीवर जाऊन रस्त्याकडे बघत बसायची. हाडं वर आली, केस गळायला लागले. मी समजावलं, स्वयंपाकिणीनं चुचकारलं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

मग तिच्या गावचा एक माणूस आला. गावावर तोफा पडल्या, कोणी उरलं नाही, असं तो म्हणाला. त्यानं आईचं प्रेत पाहिलं नव्हतं. रायरांना तेवढं पुरलं. त्यांनी भटजींना बोलावलं आणि बेपत्ता माणसाचं करतात तसं दर्भाचा पुतळा करून आईचं क्रियाकर्म उरकायचं ठरवलं.

भटजी कचरले. बारा वर्षं वाट बघायची रीत आहे, असं त्यांनी सांगितलं, मीही तोंड घातलं. रायर म्हणाले, "बारा वर्षें पोरीला उपाशी ठेवूं? वाट बघणारें पोर जेवत नाहीं. मेलेल्याचें पोर जेवतें."

कावेरीच्या घाटावर यालिनीचा हात दर्भाला लावून त्यांनी पुतळा पेटवला. तिच्या ओंजळीतून पाणी सोडलं. ती ओरडली नाही, रडलीही नाही. मठात परत येऊन पंगतीला बसली आणि पानातलं सगळं जेवली. दुसऱ्या दिवशीही जेवली. वर्षभरात तिनं अंग धरलं, गणितात पहिली येऊ लागली, अभंग म्हणताना तिचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा. पाहुण्यांना रायर तिच्याकडे बोट दाखवायचे. इतकं क्रूर काम इतकं यशस्वी झालेलं मी दुसरं पाहिलेलं नाही.

लढाई संपल्यावर एका दुपारी भजन चालू असताना तिची आई दारात उभी राहिली.

डाव्या दंडावर बरं झालेल्या जखमेचा खड्डा, अंगावर कुणीतरी दिलेली साडी. ती निर्वासितांच्या छावण्यांमागून छावण्या विचारत इथवर आली होती. यालिनीनं तिला ओळखलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. ओळखलं आणि ती खांबामागे गेली. आई पुढे धावली, तर रायर मध्ये उभे राहिले. जिचं क्रियाकर्म झालं ती रीतीनं मेलेली, तिनं लेकराला शिवायचं नाही.

भटजींनी जुना उपाय सांगितला. मेलेला समजलेला माणूस परतला, तर त्याला तुपानं माखून, न्हाऊ घालून पुन्हा जन्माला घालायचं, बारसं करायचं, मग तो जिवंतांत जमा. हे समजावल्यावर ती बाई तमिळमध्ये म्हणाली, लेक मिळणार असेल तर काहीही करा.

त्यांनी खरंच सगळं केलं. चाळिशीची बाई ओल्या अंगानं चादरीत गुंडाळून पाटावर निजवली. दंडावरच्या खड्ड्यात तूप साचलं होतं. बायका पाळणा म्हणू लागल्या, आणि एवढ्या मोठ्या बाळाला पाळणा म्हणताना एकीला हसू फुटलं, मग दुसरीला. त्या हसण्याचा मला अजून राग येतो. बाई डोळे मिटून पडली होती, तान्ह्यासारखी मुठी वळून. कुणी तसं सांगितलं नव्हतं.

रायर यालिनीला म्हणाले, हिच्या कानात नाव सांग, की ही तुझी आई झाली.

यालिनी वाकली नाही. रायरांकडे बघून शांतपणे म्हणाली, "ही आज जन्मली, तात्ता. माझ्याहून लहान आहे. माझ्या आईला मी पाणी सोडलंय. तुम्हीच सोडायला लावलंत."

पोरगी उद्धटपणे बोलली नाही. गणिताचं उत्तर द्यावं तसं बोलली. नाव शेवटी भटजींनीच घेतलं.

आई गावाबाहेरच्या छावणीत राहू लागली. दर शुक्रवारी बसनं मठात यायची, पंगतीत शेवटी बसायची. यालिनी तिच्या वाऱ्याला उभी राहत नसे. रायरांनी मग एक गोष्ट केली. मठात पोरांनी बसून जेवायचं, वाढायचं नाही, हा त्यांचाच कडक नियम. तो मोडून त्यांनी शुक्रवारी भाताचं पातेलं यालिनीच्या हातात दिलं. आमटी एकदाच फिरते, भात पुन्हा पुन्हा फिरतो. माफी मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. जमलं ते एवढंच.

पुढच्या उन्हाळ्यात रायर गेले. मठ चालू राहिला, शुक्रवारची पंगतही. मी पुष्कळदा त्या बाईशेजारी बसले आहे. यालिनी पातेलं घेऊन रांगेतून येते, प्रत्येकाला विचारते तसं तिलाही विचारते, "तुम्हाला भात वाढू का?" तुम्हालाच म्हणते. आणि बाईचं पोट कधीचं भरलेलं असतं, तरी ती दर वेळी हो म्हणते, कारण हो म्हटलं की पोरीला तिच्यासमोर वाकावं लागतं.