सतरंजीतलं कडं

आमच्या वहिनीला कुणी ‘सोनाराची सून’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. अहो, सून कसली, सोनारच आहे ती! बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, दादा नोकरीला चिकटला, आणि मी तर कानस उलटी धरणारा गडी. मागच्या खोलीतली भट्टी कधीच विझली असती, ती वहिनीने पेटती ठेवली.

पण बाबा म्हणजे बाबा. दागिना घडवायचा वहिनीने आणि त्यावर घराण्याचा ठसा मारायचा बाबांनी! तो बोटभर लोखंडी ठसा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायचा, झोपतानासुद्धा. दागिना तयार झाला की ते चाचपून बघायचे, ऐरणीवर आपटून कान द्यायचे, मग ऐटीत ठसा काढायचे. वहिनी नुसती बघत बसायची. मला भयंकर राग यायचा.

एकदा तिने सरळ विचारलं, “मामंजी, ठसा माझ्या हातात कधी येणार?”

“मोडीच्या चांदीतून एक बिनजोडाचं कडं करून दाखव. विकतची चांदी कणभर घ्यायची नाही. मग बोल.”

बिनजोडाचं कडं म्हणजे चांदीच्या गोळ्याला मधोमध भोक पाडायचं आणि ठोकत ठोकत ते मनगटाएवढं वाढवायचं. चांदीत जरा खोट असली की तडकलंच म्हणून समजा.

वहिनीकडे मोडीचे दोन डबे होते. एकात कातरलेले तुकडे आणि कानशीचा कीस, सगळं निर्मळ. दुसऱ्यात लोकांच्या जुन्या पैंजणांचे तुकडे, कुणीतरी कथलाने चिकटवलेले. कथील मिसळलं की चांदी बिस्किटासारखी तुटते, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक. म्हणजे दादा सोडून सगळ्यांना. दादाला टापटिपीचं वेड! दोन अर्धे डबे बघून त्याला राहवेना, त्याने एक भरलेला डबा केला. वर झाकण पुसूनही ठेवलं.

वहिनीला वाटलं, अरे वा, बरंच साठलंय की! तिने सगळं मुशीत वितळवून गोळा ओतला. पहिला घाव ठीक पडला. दुसराही. मग टक् झालं.

“फुटलं,” कोपऱ्यातून बाबा म्हणाले. दिसत नसलं तरी ऐकू सगळं येतं त्यांना.

“मी फक्त आवरून ठेवलं होतं गं,” दादा दारातून पुटपुटला. वहिनीने त्याच्याकडे असं काही बघितलं की त्या खोलीत पाऊल टाकायची त्याची पुन्हा हिंमत झालेली नाही.

रडत बसणारी बाई नव्हे ती. पुन्हा मूस तापवली, मळ वर काढणारे सोरा आणि टाकणखार घातले, वर आलेली मळी काढून टाकली. परत तेच, परत तेच. कथील जळून गेलं, चांदी लोण्यासारखी मऊ झाली. पण मळीबरोबर थोडी चांदीही गेली. उरलेल्यात फार तर तान्ह्या बाळाचं कडं झालं असतं.

मग तिने खोली पिंजून काढली. हात धुवायच्या बादलीतला गाळ, फरशीच्या फटी, जुना झाडू. तरी कमीच! कमरेवर हात ठेवून ती खोलीभर बघत राहिली, आणि तिची नजर बाबांच्या बुडाखाली जाऊन थांबली.

“मामंजी, उठा.”

“का?”

“सतरंजी जाळायचीय.”

मी दोन पावलं मागे सरलो. बाबांनी आयुष्यभर त्याच सतरंजीवर बसून कानस चालवली होती. आई होती तेव्हा तिने नुसती धुवायला मागितली, तरी घर डोक्यावर घ्यायचे.  आता मात्र भिंतीला धरून उठले.

“गुडघ्याखालचा भाग नीट जाळ,” ते म्हणाले. “तिथे चांदीचा कीस जास्त असेल.”

अंगणात सतरंजी जळली. वहिनीने राख चाळली, लोहचुंबकाने लोखंडाचा कीस वेगळा केला, राख धुतली आणि तळाचा काळा गाळ मुशीत घातला. आम्ही श्वास रोखून वाकलो. मुशीच्या बुडाशी चांदी लकाकली. सुपारीएवढी!

“अगं बाई!” वहिनी ओरडली. मी तर चक्क नाचलो.

कडं घडलं. जाड, साधं, कुठे केसाएवढी चीर नाही. बाबांनी त्यावर बोटं फिरवली आणि ते ऐरणीवर आपटलं. असा खणखणीत आवाज आला की काय पडलं म्हणून शेजारीण डोकावली. बाबांनी पुन्हा आपटलं. पुन्हा आपटलं.

“पुरे हो, चेपेल ते!” वहिनी म्हणाली.

बाबांनी खिशातून ठसा काढून तिच्या तळहातावर ठेवला. “मार.”

तिने एकच घाव घातला. ठसा असा उमटला की बाबांना बोटाने वाचता आला.

“काचेच्या कपाटात ठेवते,” ती म्हणाली.

“कपाटात कशाला? हात पुढे कर.”

गावभरच्या बायकांचे हात सजवणारी आमची वहिनी, तिचं स्वतःचं मनगट मात्र ओकंबोकं. बाबांनी चाचपडत कडं चढवलं. अगदी मापात बसलं. मला कसला आनंद झाला म्हणून सांगू!

“नवी सतरंजी आण आता, जाड विणीची,” बाबा म्हणाले. “ऐरणीसमोर अंथर आणि तू बस. आणि कुणाला धुवू देऊ नकोस.”