इंजिन नसलेला ट्रक पास झाला

कासू गावच्या त्या म्हाताऱ्या ट्रकवाल्याला मी अजून विसरलेलो नाही, विसरणारही नाही. नव्वदच्या दशकात मी पेण ठाण्यात फौजदार होतो. सकाळची हजेरी चालू असताना हा गडी थेट आत घुसला आणि ट्रकची चावी माझ्या टेबलावर आपटली.

"सायेब, माजी गाडी जमा करा! नायतर त्या धुराच्या कागदवाल्याला तरी उचला!"

पेण ते रोहा माल वाहणारा जुनाट ट्रक. मालक हाच, ड्रायव्हरही हाच. धूर तपासणीचा दाखला संपलेला, आणि दाखल्याशिवाय रोह्याची कंपनी गाडी फाटकातून आत घेईना. म्हणजे चूलच बंद. त्याने इंजिनचा डिझेल पंप दुरुस्त करून घेतला आणि हमरस्त्यावरचे तपासणी केंद्र गाठले. केंद्रचालक खुर्चीतून उठलाच नाही. "ही काय पास होणार? वरचे दे नि कागद घेऊन जा," म्हणाला. म्हाताऱ्याने हट्ट धरला, नळी लाव, मशीन चालव. तेव्हा त्याला हाकलून दिले.

खोटी तक्रार करणारा चिडतानाही आपला चेहरा न्याहाळत असतो. हा माझ्याकडे बघतही नव्हता. मी खबर डायरीला घेतली.

ठाण्याच्या आवारात जप्तीतला एक ट्रक पडून होता. चोरीला गेलेला, सापडला तेव्हाच इंजिन कोणी काढून नेलेले. बॉनेटखाली कुत्री व्यायली होती. त्याचा नंबर चिठ्ठीवर लिहून एका शिपायाला लुंगी नेसवली आणि बनावट गिऱ्हाईक म्हणून दोन पंचांसह केंद्रावर धाडले. गाडी न नेता तो दाखला घेऊन परत आला. 'उत्तीर्ण'! धुराचा आकडा दशांशासकट लिहिलेला.

केंद्रचालकाला आणले, तोच एका पुढाऱ्याचा फोन. "अहो, साधा कागद तो. खून केलाय का त्याने?"

"नोंद झाली आहे. डायरीतली शाई पुसायची सोय आमच्याकडे नाही," म्हटले आणि फोन ठेवला. बदली करतील तर करोत!

चौकशीत पठ्ठ्या छातीठोकपणे सांगू लागला, "मी स्वतः तपासली, साहेब. तीनदा रेस केली."

"इंजिनचा आवाज कसा होता?"

"जरा जड होता."

हवालदाराने हसू लपवायला तोंड फिरवले. मी केंद्रचालकाला आवारात नेऊन त्या ट्रकचे बॉनेट उघडायला लावले. आतून चार पिल्ले त्याच्याकडे बघू लागली. त्याने तिथेच सगळे कबूल केले. पंचनामा, अटक, केंद्राला सील.

उरला म्हाताऱ्याचा ट्रक. मोटार वाहन निरीक्षकांसमोर दुसऱ्या केंद्रावर त्याची तपासणी झाली. नळी लावली, गाडी रेस केली, मशीनवर आकडा आला. नापास! अगदी थोडक्यात. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. मला फार वाईट वाटले. मी निरीक्षकांना बाजूला घेऊन म्हणालो, "थोडक्यात गेलंय. करून टाका ना पास."

म्हाताऱ्याने ते ऐकले.

"नको सायेब! मंग तो आत कशाला हाय? त्याला सोडा, नायतर तुमी बी त्याच्या शेजारी बसा!"

सगळ्यांसमोर बोलला. वर्दीत असताना मला असे कोणी सुनावले नव्हते. कान तापले. म्हातारा नापासाचा कागद खिशात घालून निघून गेला. डिझेल फवारणारे नोझल बदलून, पंप पुन्हा लावून घेऊन आठ दिवसांनी परत आला, आणि मशीनने त्याला पास केले. माझे आभार त्याने मानले नाहीत. का मानावेत?

लबाड माणसांची जातच वेगळी, असे मी नोकरीभर समजत होतो. पण 'थोडक्यात गेलंय' हे शब्द माझ्याच तोंडून निघाले, तेही दयेपोटी. त्या गुन्ह्यात आरोपी एकच होता, असे कागदोपत्री नमूद आहे. मी मात्र दोन धरतो.