मुनव्वरने दार उघडलं

सौदीतल्या आमच्या ताइफच्या गल्लीत शुक्रवारी घरोघरी बुखारी भात शिजतो. तो भात ज्यांनी इथे आणला त्यांच्यातलीच मुनव्वर. पण वाण्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे तिला विचारतात, "तुझी मालकीण कुठाय?" डोळे बारीक, नाक बसकं, म्हणजे मोलकरीण, लोकांना एवढंच कळतं. तिची पणजी मध्य आशियातल्या बुखाराहून हजला आली ती इथलीच होऊन गेली. फिलिपिनो वेगळी, इंडोनेशियन वेगळी, बुखारी वेगळी, हे कोणाकोणाला सांगायचं? मी तिची शेजारीण, दिसायला चारचौघींसारखी अरब, तोंडाची फटकळ. मीसुद्धा सांगून थकले.

तिची मुलगी लुजैन बापावर गेलीय, अस्सल अरब दिसते. तरी तिची दोन स्थळं आईला पाहिल्यावर फिरली. "आमची नातवंडं कशी निघतील?" असं एकीने तोंडावर विचारलं. या खेपेचा मुलगा लुजैनच्या मनात भरला होता. म्हणून मुनव्वर सकाळपासून राबत होती आणि मी तिच्या स्वयंपाकघरात हाताखाली होते.

सगळी बोलणी लग्नं जुळवणाऱ्या बाईमार्फत झालेली. मुलाची आई उम्म हत्तान ठरल्या वेळेच्या बरीच आधी येऊन उभी राहिली. मुनव्वर अजून घरच्या कपड्यांत होती, तशीच दार उघडायला धावली. उम्म हत्तानने अंगावरचा काळा झगा, अबाया, काढून तिच्या हातावर टाकला.

"नीट टांग गं, चुरगळायचा नाही. आणि बाईंना सांग, आम्ही आलो."

तिला सुनवायला मी तरातरा निघाले. मुनव्वरने डोळ्यांनीच मला अडवलं आणि अबाया खुंटीला लावला.

लुजैन कॉफी घेऊन आली, तशी पाहुणीने विचारलं, "आई कुठेत तुझ्या?"

लुजैनने दारात उभ्या आईकडे पाहिलं. मुनव्वरने हळूच मान हलवली, नको म्हणून.

"आई... मदिनेला गेलीय. मावशी एकाएकी आजारी पडली," पोर कसंबसं म्हणाली.

"असू दे हो. मोलकरीण मात्र झकास मिळालीय तुम्हाला. या बायका मुळातच गरीब, उलटून बोलायच्या नाहीत. आमच्याकडची पण अशीच, सगळ्या एका साच्यातल्या. काय गं, अरबी येतं का तुला?"

"येतं थोडं," मुनव्वर म्हणाली.

शाळेत मुलींना अरबी व्याकरण शिकवणारी बाई ही! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण करते काय? मी तोंड उघडलं असतं तर पाहुणीची शोभा झाली असती आणि पोरीचं स्थळ गेलं असतं. मी आत भाताचं पातेलं ढवळत बसले.

त्या भातावर उम्म हत्तानने यथेच्छ ताव मारला. निघताना लुजैनचा मुका घेऊन म्हणाली, "मला मुलगी पसंत आहे." मग मुनव्वरने धरलेल्या अबायाच्या बाहीत हात घालत म्हणाली, "बाई आल्या की सांग हं त्यांना."

"सांगते."

दार लागलं आणि लुजैन आईच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. "मी आत्ताच्या आत्ता फोन करून खरं सांगते!"

"खबरदार! आधी निकाह होऊ दे."

"आणि निकाहाला आईच्या जागी कोण बसणार गं?" मी खेकसले.

मुनव्वर कॉफीचे पेले गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली, "तू बस ना. तू दिसतेस तशी."