पंखेवाल्याची पवनचक्की

पंखेवाल्याला फोन लावून तो फोन पंख्यासमोर धरला, तरी त्याला पुरे व्हायचं. पलीकडची घरघर ऐकत तो चहाचा घोट घ्यायचा आणि सांगायचा, "बेअरिंग गेलंय. उतरवून आणा, आणि पात्यांवरची धूळ तेवढी घरीच पुसा." मामाच्या हाताखाली तो तांब्याची तार गुंडाळायला शिकला, मामा थकल्यावर दुकान त्याच्याकडे आलं, आणि तेव्हापासून त्याने दुसऱ्या कुठल्या यंत्राकडे ढुंकून पाहिलं नाही. मिक्सर घेऊन येणाऱ्याला तो सरळ पुढच्या गल्लीचा रस्ता दाखवायचा. चांगला पंखा कुठला, तर जो फिरतो पण ऐकू येत नाही. या एका वाक्यावर त्याचा संसार उभा होता.

दुकान घरातच. पुढे दुकान, मागे स्वयंपाकघर आणि झोपायची खोली, वर गच्चीला लागून सासूबाईंची खोली, आणि मधे वळणाचा अंधारा जिना. रोज संध्याकाळी सासूबाई एका हातात काठी घेऊन, दुसऱ्या हाताने कठडा धरत खाली यायच्या, दुकानात खुर्ची टाकायच्या आणि जावयाशी रमी खेळायच्या. खेळता खेळता प्रत्येक गिऱ्हाइकाची चौकशी व्हायची. जोकर आला की त्या तो हळूच मांडीखाली दडपायच्या. जावयाला ते ठाऊक होतं, आणि त्याला ठाऊक आहे हे सासूबाईंनाही ठाऊक होतं.

वीज जायची ती नेमकी याच वेळी. अशाच एका अंधारात जिन्याच्या वळणावर सासूबाईंचा पाय हुकला. मोडलं काही नाही, पण लेकीने धसका घेतला. दिवेलागणीनंतर जिना बंद, असं फर्मान निघालं. टॉर्च धरायला सासूबाईंना तिसरा हात नव्हता. चार्जिंगचा बल्ब आणला, तर वीज यायच्या आधीच त्याचा जीव जायचा. जावई पत्ते घेऊन वर गेला, पण दोन डावांत सासूबाई कंटाळल्या. इथे ना कोणी येतंय, ना कोणी जातंय, मग पत्ते टाकताना बोलायचं कोणाबद्दल, असं त्यांचं म्हणणं. आणि एक दिवस त्यांनी माळ्यावरची बॅग काढायला लावली. धाकटीचं घर तळमजल्यावर होतं, त्या तिकडे राहायला जाणार होत्या.

बायको म्हणाली, चार दिवस जाईल, मन रमलं की परत येईल. पंखेवाल्याला मात्र पक्कं माहीत होतं की सासूबाईंचं मन एकदा तिकडे रमलं, की इकडे तो आणि पंखे, दोघंच उरणार. तो विचार करायला गच्चीवर गेला, तेव्हा वीज गेलेली होती आणि दोरीवरची उशीची खोळ वाऱ्याने शेजाऱ्याच्या गच्चीवर चालली होती. खोळ पकडता पकडता त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खाली न उतरताच तो सासूबाईंच्या दारात गेला.

"आई, थोडं थांबा. जिन्यात दिवा लावून देतो."

"वीज असताना?"

"नसताना."

सासूबाईंनी त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. "थांबते. पण बॅग भरलेलीच राहील, जावईबापू."

पवनचक्कीला मोटार मिळाली समोरच्या शिंप्याकडे. त्याने वजन उतरवायला ट्रेडमिल घेतलं होतं, त्यावर सध्या शिवलेले कपडे लटकत होते. पंखेवाल्याने आधी छताच्या पंख्याची पाती लावून पाहिली. ती नुसती डुलली. मग प्लास्टिकच्या जाड पाइपातून लांब, निमुळती पाती कापली. शेपूट केलं दुकानाच्या जुन्या पाटीचं, तिच्यावर 'दुरुस्त' एवढीच अक्षरं शाबूत होती. खांब म्हणून सासूबाईंच्या खिडकीसमोरचा कपड्यांच्या दोरीचा खांब घेतला, आणि त्यासाठी बायकोची बोलणी खाल्ली. जुनी गाडीची बॅटरी जिन्याखाली ठेवली, वळणावर दिवा टांगला. वारा सुटला आणि पाती अशी फिरली, की पाहायला गल्ली गोळा झाली.

पुढे वारा पडला, तरी पाती फिरतच राहिली. शिंप्याने वर बघत विचारलं, वारा तर कुठे दिसत नाही. पंखेवाल्याने कान टवकारले. घरघर नाही, खडखड नाही. त्याच्या हिशेबाने विषय संपला होता.

"याला म्हणतात बॅलन्स," तो म्हणाला. "एकदा फिरली की थांबायचं नाव नाही."

संध्याकाळी वीज गेली. जिन्यातला दिवा मिणमिणला, लुकलुकला आणि विझला. बॅटरी ठणठणीत रिकामी. जुनी बॅटरी दगा देते म्हणून त्याने दुसरी भरलेली आणून जोडली, तर दुसऱ्या संध्याकाळी तिच्यावरही दिवा नुसता मिणमिणला. बाहेर पाती मात्र फिरतच होती. पंखेवाला पडलेल्या चेहऱ्याने वर गेला. सासूबाई उघड्या खिडकीपाशी बसल्या होत्या.

"आई, बॅग उतरवून ठेवू का खाली?"

"आज राहू द्या. आज बसवतंय इथे. तुमच्या पंख्याचा वारा छान लागतोय."

"पंखा नाही हो, पवनचक्की. वाऱ्याने ती फिरते. ती वारा देत नाही."

"असेल. पण झाडाचं पान हलत नाही आणि माझे केस उडतायत. मग मला वारा घालतंय कोण?"

पंखेवाल्याने झाडाकडे पाहिलं. आता कठड्याला बांधलेल्या दोरीवरच्या निपचित कपड्यांकडे पाहिलं. मग खिडकीसमोर गिरक्या घेणाऱ्या पात्यांकडे पाहिलं, आणि तो बॅगेशेजारी पलंगावर बसून पोट धरून हसायला लागला.

ट्रेडमिलची मोटार दोन्हीकडून सोयीची. ती फिरवली की वीज देते, आणि तिला वीज दिली की फिरते. वारा असेतो ती बॅटरी भरायची आणि वारा पडला की तीच बॅटरी उलट मोटारीला फिरवायची. आयुष्यभर विजेचा वारा करणाऱ्याने वाऱ्याची वीज करायला घेतली, आणि हाताला लागलेल्या सवयीने पुन्हा एक पंखाच बनवला. आवाज न करणारा, म्हणून शंकाही आली नाही. दोष होता तो तारेत डायोड नसण्याचा. डायोड म्हणजे विजेला आत सोडणारा पण बाहेर न जाऊ देणारा दरवान. दुकानाच्या खणात तो पडलेला होता, घरच्या पंख्यांना कधी लागला नव्हता इतकंच.

सकाळी डायोड जोडला आणि पवनचक्की थांबली. शिंपी लगबगीने रस्ता ओलांडून आला.

"काय हो, काल वाऱ्याशिवाय फिरत होती. आज बिघडली?"

"आज दुरुस्त झाली," पंखेवाला म्हणाला, आणि शिंप्याचा चेहरा बघत त्याने चहा संपवला.

दुपार कलल्यावर वारा सुटला आणि पाती फिरायला लागली. संध्याकाळी रिवाजाप्रमाणे वीज गेली. जिन्याच्या वळणावरचा दिवा लुकलुकलासुद्धा नाही. काठीचा आवाज एकेक पायरी उतरत आला. बायको खाली श्वास रोखून उभी होती, आणि ती तशी उभी आहे हे सासूबाईंना अजिबात आवडलं नाही. त्या दुकानात आल्या, खुर्ची ओढली, मांडीशेजारची जागा हाताने साफ केली.

"दिवा ठीक आहे," त्या म्हणाल्या. "तो वारा मात्र गेला. त्याला एखादं बटण बसवता येतं का बघा."

"बघतो. आधी डाव मांडू. पत्ते कुठायत?"

सासूबाईंनी काठी खुर्चीला टेकवली.

"बॅगेत. अगदी तळाशी."

"मग सगळी बॅग उपसावी लागेल."

"उपसा की," सासूबाई म्हणाल्या. "जिन्यात उजेड आहे."